उस्तादाच्या नावाचं झाड

नववीच्या वर्गात उर्दू व्याकरण शिकवताना एका मुलाच्या वहीच्या समासात मेंढरांचा कळप दिसला. मी ते पान टर्रकन फाडलं. तो काही बोलला नाही, पण नंतर वर्षभर माझ्याशी नजर मिळवून बोलला नाही.

पुढे अंतोन मोव्ह या डच चित्रकाराविषयी वाचलं, तेव्हा तो मुलगा आठवला. मोव्ह १८३८ मध्ये झांडामला एका धर्मोपदेशकाच्या घरात जन्मले. माळरान, मेंढपाळ, परतणारे कळप, किनाऱ्यावर नावा ओढणारे घोडे हे त्यांचे विषय. आकाश बहुधा करडं, ओलसर. भडक काही नाही. रोजची मेहनत आणि तिचा शांतपणा.

१८८१ च्या अखेरीस अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण हेग शहरात त्यांच्याकडे शिकायला आला. मोव्ह यांच्या पत्नीचा तो आतेभाऊ, व्हिन्सेंट व्हॅन गॉग. मोव्ह यांनी लाकडी जोडे समोर ठेवून त्याला तैलरंग हाताळायला लावले, जलरंग शिकवले, खोली थाटायला पैसेही दिले. मग म्हणाले, आता प्लास्टरचे हातपाय बघून रेखाटनं कर. शागिर्दाला ते रुचलं नाही. घरी जाऊन त्याने ते प्लास्टर कोळशाच्या पेटीत फेकून फोडलं. दोघांत दुरावा आला, तो पुरता मिटलाच नाही.

५ फेब्रुवारी १८८८ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मोव्ह गेले. ही बातमी कळली तेव्हा व्हिन्सेंट फ्रान्समधल्या आर्ल गावी होता. बहरलेल्या पीचच्या झाडांचं चित्र रंगवून घरी आला, तर ही खबर. त्याने त्या चित्रावर ‘मोव्ह यांची आठवण’ अशा अर्थाचे शब्द लिहिले आणि ते उस्तादाच्या विधवेला पाठवलं. आज ते नेदरलँड्समध्ये क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे.

उस्तादाची शिस्त चूक नव्हती. पण त्या शागिर्दाला ती मानवली नाही. तरी त्याने भांडण नाही, शिकवण लक्षात ठेवली. मोव्ह यांना मात्र ते झाड बघायला मिळालं नाही. मला हेच टोचत राहिलं.

परवा तो मुलगा बाजारात भेटला. आता नोकरी करतो. मी म्हटलं, “बेटा, ते पान मी फाडायला नको होतं. माफ कर.”

तो गडबडला, मग हसला. “टीचर, तुम्हाला अजून आठवतंय?”

या वेळी त्याने माझ्या नजरेला नजर दिली.