तेरा सामने, तेरा माणसं

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संघाचा घरचा सामना असला की आमचं टॅलहॅसी दोनच रंगांत दिसतं, डाळिंबी आणि सोनेरी. मी इथे आलो तेव्हा मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी तो मला शिकवला, पातेलंभर उकडलेल्या शेंगा मध्ये ठेवून. हो, आपल्याच भुईमुगाच्या शेंगा. उत्तर फ्लोरिडात त्या मिठाच्या पाण्यात शिजवून रस्त्याकडेला विकतात.

3 डिसेंबर 2023, रविवार दुपार. आम्ही त्यांच्या घरी टीव्हीपुढे बसलो होतो. आदल्या रात्री आमच्या संघानं लुइव्हिलला 16-6 असं हरवून एसीसी या आपल्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं होतं. 13 सामने, 13 विजय. राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या चार जागा कोणाला, हे मात्र तेव्हा निवड समितीचे 13 सदस्य टेक्सासमधल्या ग्रेपव्हाइनला बंद दाराआड ठरवत. नावं आली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवं. मास्तरांच्या हातात एक शेंग होती. ती त्यांनी न सोलताच पातेल्यात टाकली आणि उठून टीव्ही बंद केला.

समितीनं कारण दिलं ते जॉर्डन ट्रॅव्हिसचं. डाव चालवणारा आमचा हा क्वार्टरबॅक 18 नोव्हेंबरला पायाला जबर दुखापत होऊन हंगामातून बाहेर गेला. तो नाही म्हणजे हा पूर्वीचा संघ नाही. मुख्य खेळाडूची गैरहजेरी विचारात घ्यायची मुभा नियमांत आहे, हे मान्य. अलाबामानंही निवडीच्या आदल्याच दिवशी अपराजित जॉर्जियाला 27-24 असं हरवलं होतं, ते लहान काम नव्हतं. पण अलाबामा सप्टेंबरमध्ये स्वतःच्या मैदानावर टेक्सासकडून हरलं होतं. आमची पोरं ट्रॅव्हिस गेल्यावरही जिंकतच राहिली. अजिंक्यपदाच्या सामन्यात तर तिसऱ्या पसंतीचा, पहिल्या वर्षाचा मुलगा क्वार्टरबॅक होता, आणि बचावफळीनं सामना ओढून नेला. मोठ्या पाच गटांपैकी एकाचा अपराजित विजेता बाहेर राहिला, असं चार संघांच्या प्लेऑफच्या दहा वर्षांत प्रथमच घडलं.

इथे लोक उघड म्हणतात, एसईसी गटाला झुकतं माप मिळालं. अलाबामा त्याच गटातलं, आणि त्या दहा वर्षांत एसईसीविना एकही प्लेऑफ झाला नाही. कटकारस्थानावर माझा विश्वास नाही. स्वतःच्या विद्यापीठाची चर्चा निघाली की सदस्याला खोलीबाहेर जावं लागतं. पण कोण जिंकलं हे सोडून कोण जिंकेल याचा अंदाज बांधायला बसलं, की माणसाचा कौल ओळखीच्या, मोठ्या नावाकडेच जातो. पक्षपात तिथूनच शिरतो.

बंद खोलीतली निवड आपल्याला नवी नाही. क्रिकेटमध्ये फिरकीपटू पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. पण त्याच जागेसाठी त्यांच्यासमोर बिशनसिंग बेदी होते, आणि अकरा जणांचा संघ कुणाला तरी निवडावाच लागतो. इथे पूर्ण हंगाम खेळून झाला होता. निकाल मैदानावर लागला होता.

पुढे ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियानं आम्हाला 63-3 असं धुतलं. समितीचं बरोबरच होतं, असं म्हणणारे हाच आकडा तोंडावर फेकतात. त्या दिवशी आमचे दोन डझनांहून अधिक खेळाडू मैदानात उतरलेच नव्हते, हे ते सांगत नाहीत.

2024पासून प्लेऑफमध्ये 12 संघ आहेत, तरी क्रमवारी तीच समिती लावते आणि मतदान गुप्तच असतं. माझं मागणं एवढंच आहे: तेरा सदस्यांनी आपापलं मत नावानिशी जाहीर करावं. तेराच्या तेरा सामने जिंकलेल्या मुलांना ते कळायलाच हवं.