आम्ही येरवडा पाहून आलो

आमच्या लहानपणी येरवडा हे गावाचे नाव नव्हते. ती एक धमकी होती. याच शाळेच्या मागल्या बाकावर बसून आम्ही आमच्या एका भोळ्या सोबत्यास, "तुला आता येरवड्यास धाडले पाहिजे," असे कितीदा म्हणालो असू याची गणती नाही. वेड्यांचे इस्पितळ तेथे आणि तुरुंगही तेथेच. तेव्हा ज्यांचे डोके फिरले ते आणि ज्यांनी हात उचलला ते, असे दोन्ही प्रकारचे लोक सरकारने एकाच गावी नेऊन ठेवले आहेत, अशी आमची पक्की समजूत. तेथे याखेरीज आणखी कोणी राहते काय, हे विचारण्याची गरज आम्हांस कधी भासली नाही. म्हणूनच इतिहास घेऊन बी. ए. झालेल्या आमच्या कन्येने, पुरातत्त्वाच्या एम. ए. साठी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात आपणांस प्रवेश मिळाल्याचे सांगितले, तेव्हा आनंदाच्या आधी आमच्या तोंडून शब्द निघाले ते हे, "आणि राहणार कोठे?"

"तेथेच, बाबा. वसतिगृहात."

बातमी आळीभर पसरण्यास एक संध्याकाळ पुरली. शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "येरवड्यास? पोरीने अपराध तरी काय केला?" सगळे हसले, आम्हीही हसलो, आणि त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी एका नातलगांनी पुण्याच्या त्या अंगास मागील काही वर्षांत घडलेल्या वाईट गोष्टींची यादी दूरध्वनीवरून वाचून दाखविली. तिसऱ्यांनी धीर दिला, "अहो, तुरुंग हाकेच्या अंतरावर आहे, तेथे पोलिसांची काय वाण? त्याहून सुरक्षित जागा कोणती?" भिवविणाऱ्यांपैकी आणि धीर देणाऱ्यांपैकी एकानेही ते आवार पाहिलेले नव्हते, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. मुलीच्या आईने मात्र दोन दिवस काहीच मत दिले नाही. मग ती एवढेच म्हणाली, "आपण जाऊन पाहून येऊ. पण नुसते दुपारी नव्हे हो, दिवेलागणीपर्यंत थांबू."

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे अहिल्यानगराहून एस. टी. ने निघालो. शिरूरपाशी घोड नदीच्या पुलावर गाडी आली तशी कन्या खिडकीतून बोट दाखवून म्हणाली, "याच नदीच्या काठी इनामगाव आहे. आमच्या कॉलेजाने तेथे उत्खनन केले." अद्याप एक दिवसही वर्गात न बसलेल्या मुलीच्या तोंडचा तो 'आमच्या' शब्द आम्हांस किंचित टोचला, हे कबूल केले पाहिजे.

कॉलेजाच्या फाटकातून आत शिरताच बाहेरचा कोलाहल मागे राहिला. शंभराहून अधिक एकरांचे ते आवार. जुने वृक्ष, आणि त्यांच्या मध्यभागी १८६८ सालापासून उभी असलेली दगडी इमारत. संस्था तिच्याहूनही जुनी. १८२१ साली विश्रामबागवाड्यात जी संस्कृत पाठशाळा निघाली तिचाच हा वंशविस्तार. १९३४ मध्ये सरकारने कॉलेज बंद केले, जुन्या विद्यार्थ्यांनी त्यासाठी झगडा केला, आणि १९३९ मध्ये ते संशोधनासाठी पुन्हा उघडले. १९९० पासून त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. टिळक आणि आगरकर येथलेच विद्यार्थी. टिळकांची खोली येथे जतन केलेली आहे. तीसमोर उभे असता आमच्या मनात आले, की १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून टिळकांस शिक्षा झाली आणि त्या शिक्षेचा शेवटचा भाग त्यांनी याच येरवड्याच्या तुरुंगात काढला. म्हणजे ज्या गावी त्यांनी विद्या घेतली त्याच गावी त्यांस बेडी पडली. पुढे १९३२ मध्ये गांधीजींचे उपोषण आणि पुणे करार हेही त्या भिंतींच्या आतच झाले. ज्या तुरुंगाच्या नावाने आम्ही मुलीची काळजी करीत होतो, त्यात राहून गेलेल्यांची ही नावे आठवली म्हणजे काळजीचे काय करावे ते समजेना.

मुलीच्या आईचे लक्ष इतिहासाकडे नव्हते. वसतिगृहाचे दार किती वाजता लागते, देखरेख करणाऱ्या बाई रात्री आवारातच राहतात काय, मध्यरात्री ताप चढला तर कोणास उठवावयाचे, २०१३ च्या कायद्याप्रमाणे मुलींच्या तक्रारी ऐकण्यासाठी जी समिती असावी लागते तिच्यावर कोण आहेत, असे एकामागून एक प्रश्न तिने विचारले. उत्तरे सरळ मिळाली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हे सगळे फाटकाच्या आतले झाले. मुलगी काही आतच बसून राहणार नाही." आणि ते खरेच होते. कन्येस संदर्भग्रंथांसाठी भांडारकर संस्थेत जावे लागणार. तिकडून परतावयास संध्याकाळ होणार. मेट्रोचे येरवडा स्थानक २०२४ च्या ऑगस्टात उघडले, ही सोय मोठीच; परंतु स्थानकापासून कॉलेजापर्यंतचा रस्ता मेट्रोने थोडाच तुडविता येतो!

याच कॉलेजात १९३९ पासून शिकविणाऱ्या इरावतीबाई कर्वे यांचे नाव कन्येने तेवढ्यात पुढे केले. पुण्यात स्कूटर चालविणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. "त्यांच्या घरच्यांनी आधी रस्ता पाहून ठेवला होता काय?" असा तिचा प्रश्न. आम्ही उत्तर दिले नाही.

संध्याकाळ होईपर्यंत संग्रहालयात वेळ काढला. १९६८ ते १९८३ पर्यंत चाललेल्या इनामगावच्या उत्खननाची हकीकत कन्या सांगत होती. तेथील शेतकरी सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे. तान्हे मूल दगावले म्हणजे ते लोक त्यास दोन रांजणांत, तोंडास तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. मोठ्या माणसासही घरातच पुरीत, परंतु त्याची पावले घोट्याखाली तोडून. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये अशी त्यामागे समजूत असावी, असा विद्वानांचा तर्क आहे. कन्येने हे सर्व अगदी शांतपणे, जणू पाककृती सांगावी तसे सांगितले. तिच्या आईने हातातली पिशवी उगाच या हातातून त्या हातात घेतली. आम्ही आमच्या कन्येच्या पायांकडे पाहिले. प्रवासासाठी घेतलेले नवे बूट होते.

दिवे लागण्याच्या सुमारास आम्ही स्थानकाकडे पायी निघालो. रस्त्यास दोन फाटे फुटत होते. एक वस्तीमधून जाणारा: पत्र्याची घरे, दाटीवाटी, दारात चुली, ओट्यावर पत्ते कुटणारी मुले. दुसरा रुंद, स्वच्छ, दुतर्फा झाडे, एका अंगास लांबच लांब कुंपणभिंत, दुसऱ्या अंगास बंगल्यांची बंद दारे. आम्ही क्षणाचाही विचार न करता दुसरा धरला. निवड आमचीच, आणि बरीच ठसक्यात केलेली.

दोनशे पावले गेलो असू. वर दिवे होते, पण झाडांच्या फांद्या त्यांच्याही खाली आलेल्या. उजेड पानांवर पडे, वाटेवर नाही. तेवढ्यात मुलीच्या आईच्या चपलेचा अंगठा तुटला. ती भिंतीस टेकून उभी राहिली. एक मोटारसायकल आमच्या जवळून गेली, पुढे जाऊन वळली आणि पहिल्यापेक्षा सावकाश परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तीवरचे दोघे आमच्याकडे पाहून काही बोलले आणि हसले. एवढेच, याहून अधिक काही घडले नाही. परंतु तेवढ्या वेळात आम्ही चहूकडे नजर फिरविली, तो हाक मारावी असे एकही माणूस दिसेना. दारे होती ती बंद, खिडक्या होत्या त्यांवर पडदे. ती भिंत केवढी भक्कम होती! आतल्या मालमत्तेचे रक्षण ती उत्तम करीत असेल. तिच्या बाहेर उभ्या असलेल्या तिघांस तिचा उपयोग पाठ टेकण्यापुरता.

कन्या म्हणाली, "मागे फिरू," आणि एक चप्पल हातात घेतलेल्या आईस धरून ती सरळ वस्तीच्या वाटेस लागली. आम्ही तिच्यामागून.

पहिल्याच घरापाशी नळावर उभ्या असलेल्या एका बाईंनी घागर खाली ठेवली. "काय झालं ताई? चप्पल? बसा, बसा." दारातले स्टूल बाहेर आले. एक पोरगा चपला शिवणाऱ्या काकांस बोलावण्यास धावला. पत्ते कुटणाऱ्यांपैकीच होता तो. आम्ही कोण, कोठले, कशासाठी आलो, हे पाच मिनिटांत सर्व गल्लीस कळले, आणि आमची मुलगी कॉलेजात येणार हे ऐकताच सल्ल्यांचा पाऊस पडू लागला. आम्ही मोठ्या कृतज्ञतेने म्हणालो, "तुमची वस्ती फार चांगली आहे, बाई." त्या बाई हसल्या. "काका, चांगलीबिंगली काही नाही. आमच्या पोरींनाही भ्या असतंच. सातला हा रस्ता सोन्याचा. नऊपर्यंत पिठाच्या गिरणीवरून जायचं, गिरणीवाला ओळखीचा आहे. गिरणी बंद झाली की कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानाकडून जायचं नाही, सरळ रिक्षा करायची. आणि त्या भिंतीच्या रस्त्यानं तर आम्ही दिवसासुद्धा पोरींना एकटं धाडत नाही."

मुलीच्या आईने पिशवीतून कागद काढला आणि लिहून घेऊ लागली. तीन दिवस आम्ही नावांवरून, ऐकीव बातम्यांवरून, भिंतींच्या उंचीवरून जे ठरवीत होतो, ते त्या बाईंनी घड्याळाच्या काट्यांवर आणि वळणांवर मांडून दाखविले. त्यांच्या स्वतःच्या मुली रोज त्याच वाटांनी जात-येत असत. त्यांस ते शिकल्यावाचून गत्यंतर नव्हते. चपलेचे वीस रुपये झाले. स्टुलाचे कोणी काही मागितले नाही.

परतीच्या गाडीत आमचा जुना सोबती आठवला, ज्यास आम्ही येरवड्यास धाडीत असू. येताना मनोरुग्णालयावरून रिक्षा गेली तेव्हा बाहेर काही माणसे डबे घेऊन बसलेली दिसली होती. आपल्या माणसास भेटण्यास आलेली असावीत. त्यांत कोणी हसत नव्हते. त्या सोबत्यास पत्र लिहावे असे मनात आले. अजून लिहिले नाही.

कन्या गेल्यास आता तीन महिने होत आले. तिच्या आईने उतरून घेतलेला तो कागद देवघराशेजारी अडकविला आहे आणि रात्री नऊ वाजले की आमची दोघांची दृष्टी एकदा तिकडे जाते. मागल्या आठवड्यात कन्येचा दूरध्वनी आला. भांडारकर संस्थेतून परत येण्यास उशीर झाला होता, आणि आम्ही काही विचारण्याच्या आतच ती म्हणाली, "आईला सांगा, कागदावर दुरुस्ती करायची आहे. गिरणी नऊला नाही, साडेआठलाच बंद होते. रविवारी तर उघडतच नाही. मी रिक्षाने आले."

आम्ही उठून पेन्सिल शोधली.