परळची वाट आणि चढती साखर

परळ स्थानकाबाहेर पडून आपण टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे निघालात, की हाती फायली घेतलेली गावोगावची माणसे भेटतात. १९४१ पासून ही वाट अशीच वाहते आहे. आपल्यासोबतचा रुग्ण मधुमेही असेल, तर एवढे ध्यानी ठेवा. केमोथेरपीसोबतचे डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड साखर वाढवते, तीही बहुधा दुपारनंतर. म्हणून सकाळची उपाशीपोटीची तपासणी समाधानकारक आली, तरी जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा तपासा. उसाचा रस टाळा. उलट्यांमुळे जेवण सुटले, तर इन्सुलिन देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. धर्मशाळेत अनवाणी फिरू देऊ नका; बधिर पावलांना जखम कळत नाही. आणि रुग्णाला बोल लावू नका. ही साखर पथ्य मोडल्याने नव्हे, औषधानेही चढते.