सेकंड टर्निंग ऑन द राइट

माणसाच्या चेहऱ्यावर काही ना काही लिहिलेले असते म्हणतात. कुणाच्या चेहऱ्यावर विद्वत्ता असते, कुणाच्या चेहऱ्यावर बँकेतली शिल्लक असते. माझ्या चेहऱ्यावर 'चौकशी' असे लिहिलेले असावे. मुलुंडच्या पाच रस्त्यावर शंभर माणसे चालली असली तरी वाट चुकलेला एकशे एकावा माणूस त्या शंभरांना ओलांडून थेट माझ्याकडे येतो. हातात भाजीची पिशवी असो, डोक्यावर छत्री उलटी झालेली असो, त्याला काही फरक पडत नाही. बायको म्हणते, "तुम्ही रिकामटेकडे दिसता, म्हणून विचारतात." असेलही. पण इतकी वर्षे पत्ते सांगून सांगून या विषयात मला थोडा अधिकार आला आहे, हे तीही नाकारणार नाही.

तर, पत्ता विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक पत्ता विचारणारे, आणि दुसरे पत्ता इंग्रजीत विचारणारे. पहिल्याला फक्त पत्ता हवा असतो. दुसऱ्याला पत्ता हवा असतोच, शिवाय आपण असे-तसे नाही हेही त्याला कळवायचे असते. त्याचे बरोबरच आहे म्हणा. भर रस्त्यात अनोळखी माणसाला "मला वाट माहीत नाही" असे सांगणे म्हणजे जरा खाली उतरणेच असते. मग माणूस इंग्रजीचा हात धरून उतरतो. वाट ठाऊक नसली तरी इंग्रजी ठाऊक आहे, हिशेब बरोबर!

गंमत अशी की, हे इंग्रजी आपल्याला शाळेतच शिकवलेले असते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचे. महाराष्ट्रात ते पहिलीपासून आले २००० साली. पण पहिलीत या नाहीतर पाचवीत या, पुढे कधीतरी पोस्ट ऑफिसचा रस्ता विचारणारा तो पाहुणा भेटायचाच. तो अतिशय सभ्यपणे "कुड यू प्लीज टेल मी" म्हणायचा आणि समोरचा त्याहून सभ्यपणे "टेक द सेकंड टर्निंग ऑन द राइट" म्हणायचा. दोघांच्या मध्ये एकही हातगाडी यायची नाही. "कुठलं पोस्ट हो? नवं की जुनं?" असे कोणी विचारायचे नाही. त्या धड्यातल्या गावात राहायला जावे असे मला फार वाटे.

पुढे मी मुलुंडला राहायला आलो आणि ते गाव जवळजवळ सापडलेच म्हणा ना. मुलुंडची आखणी १९२२ साली क्राउन अँड कार्टर नावाच्या वास्तुशिल्पज्ञांनी केली. रस्ते पट्टीने आखल्यासारखे, एकमेकांना काटकोनात छेदणारे. 'सेकंड टर्निंग ऑन द राइट' हे वाक्य साऱ्या उपनगरांत कुठे खरे होत असेल तर ते इथे. पण शहर आखता येते, माणसे आखता येत नाहीत. शंभर वर्षे झाली, अजून एकाही मुलुंडकराने दुसरे वळण मोजून पत्ता सांगितलेला नाही. आम्ही सांगतो ते असे: "सरळ नाकासमोर जा, म्हणजे नाका येईल. तिथे वळू नका." हे इंग्रजीत सांगून बघा. नाक आणि नाका यांतच इंग्रजी भाषेचा दम निघतो.

शिवाय त्या धड्यातल्या खुणा जागच्या जागी असत. आमच्या खुणांचे तसे नाही. मुलुंडचा चेकनाका घ्या. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ पासून बंद झाली, पण चेकनाका चेकनाकाच राहिला. तिथे 'चेक' करायला कोणी उभे नसले तरी रिक्षा बरोबर तिथेच थांबते. तिकडे अंधेरीला चार बंगला आणि सात बंगला. नवखा माणूस तिथे उतरतो आणि मान वर करून बंगले मोजू लागतो. त्याला इमारतींचे मजले मोजता येतात, बंगल्यांचा हिशेब काही जुळत नाही.

दिशांची तर बातच सोडा. आमच्याकडे पूर्व आणि पश्चिम सूर्यावर अवलंबून नसतात, रेल्वेच्या रुळांवर असतात. अंधेरी ईस्टहून मेट्रोत बसा. (ही मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, त्याआधी ३४० नंबरच्या बसमध्ये हेच ज्ञान घाम गाळून मिळवावे लागे.) मरोळ, साकीनाका, असल्फा असे करत तुम्ही पूर्वेला, आणखी पूर्वेला जाता, आणि पोचता कुठे, तर घाटकोपर वेस्टला! बरे, हे घाटकोपर वेस्ट पुन्हा मोडते पूर्व उपनगरांत. कोलंबस १४९२ साली पूर्वेकडचा हिंदुस्थान शोधायला पश्चिमेकडे निघाला, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढले असेल. अंधेरीकर असते तर "बरोबर चाललाय, जा बिनधास्त," म्हणाले असते.

आता नावे. आपण आपल्या थोर पुरुषांची नावे रस्त्यांना देतो आणि मग त्या रस्त्यांचे इंग्रजी बारसे करतो. घोडबंदर रोडचा स्वामी विवेकानंद मार्ग केला आणि लगेच त्याचा एस. व्ही. रोड झाला. आग्रा रोडला लालबहादूर शास्त्रींचे नाव दिले, झाला एल. बी. एस. बोरिवलीत लोकमान्य एल. टी. झाले. महात्माजी तर गोरेगाव, कांदिवली, घाटकोपर, मुलुंड, सगळीकडे एम. जी. अंधेरीच्या डी. एन. नगरमधले डी. एन. म्हणजे दादाभाई नौरोजी, हे तिथे जन्म काढलेल्या किती जणांना ठाऊक असेल? १८९२ साली निवडून येऊन हा गृहस्थ ब्रिटिश पार्लमेंटात जाऊन बसला, आणि आमच्या देशाचा पैसा कुठल्या वाटेने जातो, हे त्याने इंग्रजांना त्यांच्याच इंग्रजीत विचारले. इंग्रजीत पत्ता विचारण्याचा इतका मोठा प्रयोग दुसऱ्या कोणी केला नाही. आगरकर तेवढे वाचले. अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला अजून 'आगरकर चौक' आहे. पण आगरकर चौक म्हणजेच अंधेरी स्टेशन, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या डोळ्यांदेखत त्याची बस निघून जाते.

बसचीही एक तऱ्हा होती. जुन्या बेस्टच्या बसच्या कपाळावर आकडा मराठीत असे आणि बगलेला इंग्रजीत. म्हणजे समोरून येताना बस मराठी, बाजूने जाताना इंग्रजी. ज्याला मराठी आकडे येत नसत त्याला आपली बस कुठली हे कळत असे, पण ती गेल्यावर.

रिक्षात बसलात की मात्र सगळ्या भाषा संपतात. "भैया, सिग्नलसे लेफ्ट लेना, फिर राइट मारना." आमच्या बिल्डिंगमधल्या एका चिमुरडीला मी म्हटले, "डावीकडे बघ." तर ती म्हणाली, "काका, डावीकडे म्हणजे लेफ्टच ना?" मी काही बोललो नाही. मला स्वतःला अजून जेवायचा हात आठवल्याशिवाय उजवीकडे कुठे ते कळत नाही.

हल्ली मोबाइलमधल्या बाई पत्ता सांगतात. बाई हुशार आहेत, चिडत नाहीत, कितीही चुकलात तरी "सांगितलं होतं ना?" म्हणत नाहीत. संसारी माणसाला हे नवीनच. पण त्या "हेड नॉर्थ-वेस्ट" म्हणाल्या की माणूस गरगरा फिरू लागतो. मुंबईत नॉर्थ नसतो हो, विरारची बाजू असते नाहीतर ठाण्याची बाजू असते. ते असो. या बाईंमुळे पत्ता विचारणारे कमी झाले, आणि माझा धंदा बसला, हे खरे.

म्हणूनच गेल्या पावसाळ्यात पाच रस्त्यावर एक वृद्ध गृहस्थ लोकांना थांबवून काही विचारताना दिसले, तेव्हा मी कोथिंबिरीचा भाव करता करता थांबलो. पांढरा लेंगा, स्वच्छ शर्ट, काखेत छत्री. एका तरुणाला अडवून ते म्हणाले, "एक्सक्यूज मी, सर. वुड यू काइंडली टेल मी द वे टु..." उच्चार असा की, माझ्या शाळेतल्या मास्तरांनी पाठ थोपटली असती. तरुणाने कानातले यंत्र काढून फाडफाड इंग्रजीत उत्तर दिले. आजोबांनी "थँक यू, सर" म्हटले आणि ते होते तिथेच उभे राहिले. मग त्यांनी एका बाईंना विचारले. तेच वाक्य, तेवढेच सुरेख. बाईंनीही इंग्रजीत सांगितले. "थँक यू, मॅडम." आजोबा पुन्हा तिथेच.

तिसऱ्यांदा ते कोणाकडे येणार, हे सांगायला नकोच. त्यांनी "एक्सक्यूज मी" म्हणताच मी म्हटले, "काका, कुठे जायचंय?"

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "अहो, मराठीच का तुम्ही? बरं झालं, देव भेटला! नातीला क्लासवरून आणायचंय. साडेपाचला सुटतो तो. आज पहिल्यांदाच एकटा निघालोय. सूनबाईंनी हे वाक्य पाठ करून घेतलं. म्हणाल्या, बाबा, टॉवरच्या गेटावर मराठीत विचारलंत तर वॉचमनसुद्धा उभं करत नाही. वाक्य झालं हो पाठ. पण लोक काय उत्तर देतील, ते कोण पाठ करून घेणार?"

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासपर्यंत कोणालाच न सुचलेला मुद्दा या माणसाने उभ्या उभ्या काढला होता. प्रश्न आपला असतो, तो पाठ करता येतो. उत्तर दुसऱ्याचे असते.

मग कळले की गृहस्थ गिरगावातले. चाळ पाडली, तिथे टॉवर उभा राहतो आहे, तोपर्यंत मुलाकडे. "साठ वर्षं खोताच्या वाडीच्या तोंडाशी राहिलो," ते म्हणाले. "येणारा-जाणारा मला पत्ता विचारायचा. साठ वर्षं सांगणाऱ्यांत होतो, आता विचारणाऱ्यांत आलो. एवढंच."

'एवढंच' असे म्हणून त्यांनी छत्री उगीचच या काखेतून त्या काखेत घेतली. पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. मला जायचे होते स्टेशनकडे, क्लास होता बरोबर उलट बाजूला. मी म्हटले, "चला काका, मी तिकडेच चाललोय."

आम्ही चालू लागलो. चार पावलांवर त्यांनी विचारले, "तुम्ही आत्ता म्हणालात ना, मी तिकडेच चाललोय, हे इंग्रजीत कसं म्हणायचं?"

मी थोडा विचार करून म्हटले, "आय ॲम ऑल्सो गोइंग दॅट साइड ओन्ली."

"व्याकरणात बसतं?"

"व्याकरणात नाही, पण मुलुंडात बसतं."

क्लासच्या दारापर्यंत ते हे वाक्य घोकत होते. नात पायरीवर दप्तर घेऊन उभी होती. तिने आधी आजोबांकडे पाहिले, मग घड्याळाकडे, आणि काही न बोलता दप्तर त्यांच्या हातात दिले.

परवा ते पुन्हा दिसले. साडेपाचला पाचच मिनिटे होती. एक परप्रांतीय बाई हातातला कागद आणि मोबाइल आळीपाळीने बघत, अगदी रडकुंडीला येऊन उभ्या होत्या. आजोबांनी कागदावर नजर टाकली, छत्री बगलेत मारली आणि ऐटीत म्हणाले, "कम, मॅडम. आय ॲम ऑल्सो गोइंग दॅट साइड ओन्ली."

आणि क्लासच्या बरोबर विरुद्ध दिशेला चालू लागले. त्या दिवशी नातीला आणायला मी गेलो.