वैनगंगेकाठचे बावीस दिवस

गेल्या उन्हाळ्यात आम्ही इटलीला जाऊन आलो. आठ दिवसांत चार शहरे पाहिली आणि छायाचित्रांनी फोन भरून आणला. परंतु त्या साऱ्या प्रवासातील एकच गोष्ट माझ्या लेकीच्या मनात राहिली. अमाल्फीच्या किनाऱ्यावर आमची बस चुकली आणि एक संपूर्ण दुपार रिकामी गेली, ती. दुपारी एकच्या सुमारास दुकानदारांनी फळ्या ओढल्या, गल्ल्या निजल्या, आणि आम्ही लिंबाच्या बागेच्या भिंतीला टेकून समुद्राकडे पाहत बसलो. लसूण नसलेला पदार्थ शोधण्याचा रोजचा खटाटोपही त्या दुपारी नव्हता, कारण खाणावळच बंद होती. संध्याकाळी सारे गाव नुसते फिरण्यासाठी बाहेर पडले. यंदा ती म्हणाली, "आई, असे एकच गाव पाहा, जिथे पाहण्यासारखे काही नसेल."

मी म्हटले, "वडसा."

माझा हेतू मात्र तिच्याइतका निर्मळ नव्हता. बाबांच्या पश्चात आई त्या घरात एकटीच राहते. दोघे भाऊ नागपूरला स्थायिक झाले आहेत. घराला गिऱ्हाईक आले होते, बयाणा देण्याची त्याची तयारी होती आणि आईचे मन वळवण्याचे काम माझ्यावर सोपवले गेले होते. लेकीचे ऐकते म्हणे आई.

पुण्याहून गोंदियापर्यंत महाराष्ट्र एक्सप्रेस आणि तेथून चांद्याकडे जाणारी छोटी गाडी, असा प्रवास झाला. माझ्या लहानपणी हा मार्ग अरुंद रुळांचा होता. नागपूरहून यायचे तर तशाच चिमुकल्या गाडीने नागभीड गाठून तेथे गाडी बदलावी लागे. ती नागपूर-नागभीड गाडीही २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. सौंदड, अर्जुनी मागे पडले की जंगल खिडकीशी येते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. एवढ्या विस्तीर्ण जिल्ह्याला रेल्वे ठाऊक झाली ती या एका स्थानकामुळे. तेथून गडचिरोलीपर्यंतच्या बावन्न किलोमीटर मार्गाचे काम आता चालू आहे. स्थानकावर नाव वडसा, कागदोपत्री देसाईगंज. गावाला दोन नावे असण्याची आम्हांला कधी अडचण वाटली नाही. व्यापाऱ्याच्या घरी दुकानाचे नाव वेगळे आणि माणसाचे वेगळे असतेच.

उन्हाविषयी मी लेकीला काही सांगितले नव्हते. नदीपलीकडचे ब्रह्मपुरी हे मे महिन्यात राज्यातील सर्वांत तप्त गावांच्या यादीत वारंवार असते. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी तेथे कोणी दचकत नाही. अकरा वाजता बाजार सुस्तावतो, एक वाजता फळ्या लागतात. अमाल्फीच्या दुकानदारांना ही शिस्त कोणी शिकवली असेल ती असो, आमच्या गल्लीला ती सूर्याने शिकवली आहे. पहिले दोन दिवस लेक फोन घेऊन कूलरसमोर बसली. तिसऱ्या दिवसापासून आजीच्या घड्याळात शिरली.

ते घड्याळ असे आहे. पहाटे सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे एका जागी. नंतर पाणी गाळणे. ऊन चढण्यापूर्वी स्वयंपाक, दुपारी अंधारलेल्या माजघरात वाचन किंवा निद्रा, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण. वडसा पुण्याच्या पुष्कळ पूर्वेला असल्याने येथे सूर्य सुमारे वीस मिनिटे आधी मावळतो. पुण्याच्या सवयीने रेंगाळलेली लेक पहिल्याच संध्याकाळी उपाशी निजली. इटलीत जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो, तेथे नियम पाळणे किती सोपे होते, हे तिला तेव्हा उमगले.

पाणी गाळणे हा मात्र अर्ध्या तासाचा सोहळा असे. परसात आजोबांच्या वेळची विहीर आहे. नळ आला, शेजाऱ्यांकडे बोअर झाली, तरी आई पिण्याचे पाणी विहिरीचेच घेते. दुहेरी जाड कापडातून ते गाळायचे, मग उकळायचे. कापडावर जे राहिले त्यावर गाळलेले पाणी ओतून ते एका लहान बादलीत उतरवायचे. त्या बादलीच्या बुडाला कडी आहे आणि तिला दुसरी दोरी बांधलेली आहे. बादली पाण्याला टेकली की खालची दोरी ओढायची. बादली तेथेच अलगद कलंडते, वरून काही आपटत नाही. ज्या पाण्यातले जीव, त्याच पाण्यात परत. वैशाखात पाणी खोल गेल्याने दोरीला जोड द्यावा लागला होता. लेकीने ते काम तिसऱ्या दिवशी हाती घेतले आणि शेवटपर्यंत सोडले नाही.

संध्याकाळी जेवण आटोपून आम्ही वैनगंगेवर जात असू. सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा येथे उगम पावणारी ही नदी पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते. उन्हाळ्यात तिचे पात्र म्हणजे वाळूचा विस्तार आणि मधून वाहणाऱ्या दोन-तीन धारा. त्या वाळूत डांगरवाड्या असतात. वाळूत चर खणून, खत घालून डांगर-टरबुजांचे वेल लावतात आणि गवताच्या झोपडीत राहून राखण करतात. हे बहुतेक ढिवर समाजाचे लोक, एरवी मासेमारी करणारे. आई त्यांच्याकडूनच फळे घेते आणि भाव करीत नाही. पूर्वी तिचे हे वागणे मला व्यवहारशून्य वाटे. यंदा विचारले तेव्हा म्हणाली, "जेवढे दिवस वाळूत पिकते, तेवढे दिवस जाळे कमी पडते. त्यात मी घासाघीस कशाला करू?"

वरच्या अंगाला पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. एक वृद्ध डांगरवाडीवाला आईला म्हणाला, "आता पानी आभाळातून नाही समजत बाई, फोनवरून समजते." तो हसत होता. त्याचा अर्धा वेल मात्र त्या आठवड्यात पाण्याखाली गेला होता.

वडसा ही धान आणि जंगल यांची बाजारपेठ. झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचेही हे मोठे केंद्र, पण त्यांचा हंगाम हिवाळ्याचा. उन्हाळ्यात त्यांच्या फलकांवर धूळ असते. आमच्या आजोबांनी येथे दुकान थाटले तेव्हा पैसा होता तो लाकडात. परंतु श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत वनकर्म येते, म्हणून त्यांनी ठेका घेतला नाही, आणि पुढे तेंदूपानाचाही नाही. त्यांनी कापड विकले. बरोबरीचे लोक वाडे बांधत असताना आमच्या घराला कौलेच राहिली. बाबांनी पुढे तांदूळ ठेवला. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या निवडून जो वाण सिद्ध केला, त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून 'एचएमटी' हे नाव दिले ते एका व्यापाऱ्याने. नाव देणारे आणि तो तांदूळ विकणारे आम्ही व्यापारी सुखात राहिलो. दादाजी २०१८ मध्ये गेले, ते हलाखीतच. बाबा हे बोलून दाखवत. जैन घरांतील मुलांना हिशेब शिकवताना हाही हिशेब सांगावा, असे मला वाटते.

एक दिवस तेवढे भद्रावतीला जाऊन केसरिया पार्श्वनाथांचे दर्शन घेतले. श्यामवर्ण मूर्तीसमोर आई बराच वेळ बसली. बाकी एकवीस दिवस गाव सोडले नाही.

घराचा विषय मी रोज उद्यावर ढकलत होते. विसाव्या दिवशी आईनेच ओट्यावर बसून तो काढला.

"मला कळते गं, तू कशाला आली आहेस ते. विका घर. माझे गुडघे आता नागपूरलाच बरे. एवढेच विचार, तो घेणारा विहिरीचे काय करणार आहे?"

गिऱ्हाइकाला तेथे गोदाम बांधायचे होते. मला ठाऊक होते, तरी मी गप्प राहिले.

"बुजवणारच," आई म्हणाली. "साठ वर्षे थेंब थेंब करून ज्यांना मी परत सोडत आले, त्यांच्यावर आता माती ओतायला सही करू?"

लेक तेव्हा परसात बादलीची दोरी सोडवत होती. तिने मान वळवली नाही, पण तिचे हात थांबले.

त्या रात्री मी भावाला फोन केला. विहीर मोकळी ठेवून गोदाम मागे सरकवता येईल का, तसे कागदावर लिहून देईल का, एवढेच विचारायला सांगितले. भाव थोडा कमी झाला तरी चालेल, हेही मी माझ्या हिश्श्यापुरते सांगितले. भाऊ क्षणभर थांबून म्हणाला, "विचारून सांगतो."

स्थानकावर आई पोहोचवायला आली. हातात दोन डांगरे आणि गाळून उकळलेल्या पाण्याची बाटली. गाडी सुटली, तेव्हा लेक दारातून ओरडून विचारत होती की उद्यापासून खालची दोरी कोण ओढणार. आईचे उत्तर गाडीच्या आवाजात ऐकू आले नाही.

भावाचा निरोप अद्याप यायचा आहे. लेकीने दिवाळीचे तिकीट काढून ठेवले आहे, वडशाचे.