वाढत्या अंगाचे माप

मूल वाढते ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरून चालतो की, तिच्याकडे निराळे लक्ष द्यावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दिवाळीला शिवलेला सदरा पुढच्या दिवाळीला आखूड झाला म्हणजे आई कौतुकाने कुरकुरते, आणि तेवढ्यावर तो विषय संपतो. पण ज्या घरी तोच सदरा दोन-दोन वर्षे अंगाला नीट येत राहतो, तेथे मात्र कोणी काही बोलत नाही. उलट, बचत झाली म्हणून समाधानच मानले जाते. वस्तुतः शंका यावयास हवी ती येथे.

आम्ही बालाघाट जिल्ह्यातील खैरलांजीस शासकीय शाळेत मुख्याध्यापक आहोत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा मुलूख. शेतावर पोवारी, कचेरीत हिंदी आणि आमच्यासारख्यांच्या घरात मराठी, अशी येथील भाषांची वाटणी आहे. मराठी हा आमचा विषय. वैद्यकाशी आमचा संबंध एरवी खोकल्याच्या औषधापुरता. तरीही मुलांच्या वाढीच्या शास्त्राची आम्हांस गोडी लागली, ती शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेमुळे. ही रांग उंचीप्रमाणे लागते. वर्षानुवर्षे तिच्यासमोर उभे राहिले म्हणजे कोण मागे सरकला आणि कोण जागच्या जागी राहिला, हे न मोजताही दिसू लागते.

वाढीला तिची अशी एक लय असते. बाळ पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्यात त्याच्या निम्मे. पुढे चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत दर वर्षी ५-६ सेंटिमीटर ही चाल टिकते. ही चाल राखणारी संप्रेरके गळ्यातील थायरॉईड आणि मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका, अशा लहानशा ग्रंथींतून रक्तात उतरतात. कवितेत एक मात्रा कमी पडली तर कानाला खटकते. येथे मात्रा चुकली तर सबंध देहच अडखळतो. म्हणून मुलाची आजची उंची किती, यापेक्षा ते गेल्या वर्षात किती वाढले, हा प्रश्न अधिक मोलाचा. एक माप म्हणजे केवळ आकडा. दोन मापे म्हणजे कथा.

ही कथा वाचण्यात आयुष्य घालविणारे डॉक्टर आपल्या देशात फार नाहीत. मुंबईस परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. मीना देसाई यांनी या विषयाची पायाभरणी केली. नवजात बाळाच्या रक्ताचा थेंब टिपकागदावर घेऊन थायरॉईडची उणीव हुडकण्याचे त्यांचे व सहकाऱ्यांचे काम १९९४ साली प्रसिद्ध झाले. ही उणीव पहिल्या काही आठवड्यांत भरून काढली नाही, तर बुद्धीचे जे नुकसान होते ते पुढे भरून येत नाही. त्या एका थेंबाचे मोल यावरून ध्यानी यावे.

पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर या दांपत्याने जहांगीर रुग्णालय व तेथील संशोधन संस्था यांच्या आश्रयाने हाती घेतले ते काम वरवर पाहता अगदी नीरस वाटेल. शाळाशाळांतून मुलांना अनवाणी उभे करावयाचे, टाचा भिंतीला टेकवावयाच्या, नजर सरळ, आणि उंची मिलिमीटरपर्यंत टिपावयाची. असे एकदोन नव्हे, २००७-०८ मध्ये देशाच्या पाच विभागांतील १८,००० हून अधिक मुलांचे! कशासाठी हा खटाटोप?

प्रश्न मापदंडाचा होता. आपले मूल ठेंगणे आहे असे म्हणावयाचे, ते कोणाच्या तुलनेत? आपल्याकडे दीर्घकाळ अमेरिकेतील मुलांचे तक्ते वापरात होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९५६ ते १९६५ या काळात आपल्याच मुलांची मापे घेतली. पण त्यांतील बहुतेक मुले गरीब घरांतील होती. अशा आकड्यांना आदर्श मानले, तर उपासमारच नियम ठरते! उलट सुखवस्तू शहरी मुले घ्यावीत, तर आता त्यांच्या अंगावर चरबी चढू लागलेली. मग लठ्ठपणा नियम ठरावयाचा. या दोन कड्यांमधून वाट काढणे हे खाडिलकरांच्या कामाचे मर्म होय. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली जे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत त्यांचा पुढाकार होता. १४ शहरांतील ३३,००० हून अधिक मुलांच्या मापांवर ते बेतले असून, प्रमाणाबाहेर वजनाची मुले त्यांतून वगळली आहेत. त्या शहरांत आमच्या शेजारचे रायपूरही आहे, हे वाचून आम्हांस उगीचच अभिमान वाटला.

याच संस्थेत वस्तीतील लहानग्यांना कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घातलेले लाडू देऊन त्यांच्या हाडांवर होणारा परिणाम तपासला गेला. औषध लाडवातून द्यावे हे ज्यांना सुचले, त्यांना आपली मुले आणि आपले स्वयंपाकघर दोन्ही ठाऊक होती, हे उघड आहे.

आमच्यासारख्या गावात उंची खुंटली की पहिला संशय अन्नावर जातो, आणि तो बहुधा खराही असतो. परंतु भूक आणि ग्रंथी यांची चाल निराळी. भुकेले मूल आधी वाळते, मग खुंटते. ज्याची ग्रंथी मंदावली आहे ते मूल वाळत नाही. अंगाने बरे, कधी तर गुबगुबीत दिसते, पण वर सरकत नाही. म्हणूनच ते नजरेतून निसटते.

आमच्या शाळेतील सहावीची एक मुलगी तीन वर्षे रांगेत पहिलीच उभी राहत होती. दोन वर्षांनी धाकटा भाऊ तिच्या पुढे गेला. हिवाळ्यात ती उन्हाचा तुकडा शोधून बसे. हाक मारली तर ओ यावयास वेळ लागे. "आईच ठेंगणी," असे घरचे म्हणत. शाळेच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा चौदा महिन्यांत दोनच सेंटिमीटरची वाढ दिसली. आम्ही तिच्या वडिलांसह बालाघाट गाठले, पुढे नागपूर. रक्त तपासले, थायरॉईड मंदावलेली निघाली. उपाय म्हणजे रोज सकाळी अनशापोटी एक स्वस्त गोळी.

"गुरुजी, किती दिवस घ्यावी लागणार?" वडिलांनी विचारले.

"बहुधा जन्मभर."

बराच वेळ ते गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग पोरीच्या लग्नाचं कसं होईल, गुरुजी?"

आम्ही नाकावरचा चष्मा काढून त्यांच्या हाती ठेवला आणि म्हटले, "हाही जन्मभराचाच आहे." ते हसले, पण गोळीची डबी फडताळात पाहुण्यांच्या नजरेआड राहू लागली, हेही आम्हांस ठाऊक आहे. असो. पुढच्या वर्षात मुलगी नऊ सेंटिमीटर वाढली आणि रांगेत पाच जागा मागे गेली. आता वर्गात बोलते म्हणून तिला दटावावे लागते.

प्रत्येक ठेंगणे मूल आजारी असते, असा मात्र कोणी अर्थ घेऊ नये. आम्ही स्वतः पाच फूट तीन इंच आहोत, आणि आमचे त्यावाचून काही अडले नाही. आईबाप ठेंगणे, मूल ठेंगणे, पण दर वर्षीची चाल ठीक, तर चिंता नको. 'उंची वाढवा' म्हणणाऱ्या जाहिरातींची चूर्णे तर नकोतच. परंतु चाल वर्षाला चार सेंटिमीटरच्या खाली आली, तर डॉक्टरांस दाखवावे. आठव्या वर्षाच्या आत वयात येऊ लागलेली मुलगीही दाखवावी. ती आज उंच दिसते, पण लवकर थांबते. कारण या विद्येला एक मुदत आहे. हाडांच्या टोकांची कूर्चा मिटली म्हणजे कोणतेही औषध उंची देऊ शकत नाही. डॉक्टर डाव्या हाताचा क्ष-किरण फोटो काढून हाडांचे वय पाहतात, ते ही मुदत किती उरली हे कळावे म्हणून.

परमुलखात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी भाषा जपली, सण जपले. त्यांच्या जोडीला घराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलीची एक रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. पुण्यामुंबईचे तज्ज्ञ तक्ते करून देतील. रेघ मात्र आपल्यालाच ओढावी लागेल.