पडद्यानंतरचा मोतीबिंदू

दृष्टिपटलाचं ऑपरेशन नीट झालं, सुटलेला पडदा जागेवर बसला, आणि वर्ष-दीड वर्षात त्याच डोळ्यापुढे धुकं दाटू लागलं की पहिला संशय येतो तो ऑपरेशन फसल्याचा. बहुतेक वेळा हा संशय चुकीचा असतो. अशा ऑपरेशनात, म्हणजे व्हिट्रेक्टॉमीत, डोळ्याच्या पोकळीतली पारदर्शक जेली काढून टाकतात. ही जेली म्हणजे नुसतं भरताड नव्हे. तिच्यातलं क जीवनसत्त्व प्राणवायू खर्ची घालतं, भिंगापर्यंत तो फारसा पोचू देत नाही. जेली गेली की ही राखण जाते आणि भिंगाचा गाभा आधी पिवळट, मग तपकिरी होत जातो. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. सुरुवात फसवी असते: लांबचं पुसट होतं, मायनस नंबर वाढतो, पण पेपर बिनचष्म्याचा वाचता येतो आणि घरचे म्हणतात, नजर सुधारली!

मग पडद्याच्या ऑपरेशनच्या वेळीच भिंग का बदलत नाहीत? कित्येकदा बदलतातही. पण तरुण भिंग जवळ-लांब जुळवून घेतं. ते काढलं की ही क्षमता जाते. शिवाय पडदा मध्यभागी सुटलेला असताना कृत्रिम भिंगाचा नंबर अचूक काढणं अवघड. तरी प्रत्येक धूसरपणा मोतीबिंदूच्या खात्यावर टाकणं मला धोक्याचं वाटतं. मोतीबिंदू सावकाश येतो. कडेने सरकणारी सावली, एकाएकी वाढलेले काळे ठिपके, विजेसारखे चमकारे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि दाराची चौकट वाकडी दिसत असेल, तर दोष बहुधा पटलाचा असतो. मोतीबिंदू काढून ती सरळ होत नाही. हे पेशंटला आधीच, समोर बसवून सांगायला हवं.